भुकेचा खाऊ आणि खिशातली पुडी

माझ्याकडे ट्रेकचा खाऊ न्यायला येणाऱ्यांत विशीतली पोरं थोडी, पन्नाशी ओलांडलेली माणसं जास्त. पन्नाशीत शुगर निघते. डॉक्टर सांगतात, चाला. माणूस महिनाभर सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारून कंटाळतो आणि मग कुणीतरी त्याला सिंहगडावर ओढून नेतं. आतकरवाडीच्या वाटेनं एकदा वर गेला की त्याला चढाईची चटक लागते. पुढे राजगड होतो, तोरणा होतो, हरिश्चंद्रगड होतो आणि एखाद्या हिवाळ्यात १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाईही होतं. चालण्यानं शुगर सुधारते हे त्याला स्वतःच्या रिपोर्टवर दिसू लागतं. अडतं ते खाण्यापाशी.

आपल्याकडची ट्रेकची शिदोरी आठवून बघा. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी, बिस्किटं, गूळ-शेंगदाणे. पायथ्याच्या गावात पहाटे पोहे आणि गोडमिट्ट चहा. वाटेत लिंबू सरबत. विशीतल्या पोराला हे सगळं खपून जातं. मधुमेही माणूस मात्र जे आठवडाभर घरात टाळतो, ते रविवारी एका दमात खातो आणि चढलोय एवढं म्हणून स्वतःची समजूत घालतो.

मी पुण्यात घरगुती खाद्यपदार्थांचा छोटा उद्योग चालवते. चटण्या, मेतकूट, दिवाळीचा फराळ हे मूळ काम. गड चढायची आवड जुनी, त्यामुळे ज्या ग्रुपबरोबर जायचे त्यांच्या खाण्याची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली आणि त्यातूनच मधुमेही मंडळींसाठी वेगळा खाऊ करायला लागले. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. हे सगळं कढईसमोर, बसमध्ये आणि गडाच्या वाटेवर समजलेलं आहे.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की लोकांना साखर दिसते, पिठूळ पदार्थ दिसत नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका राजगडाच्या ट्रेकला आले होते. गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेनं चढताना पहिल्या ब्रेकला त्यांनी सॅकमधून दोन मोठे डबे काढले. एकात डाएट चिवडा, दुसऱ्यात भाजलेला मखाना. मोठ्या अभिमानानं सगळ्यांना वाटत होते, "घ्या, आपल्या शुगरवाल्यांचा खाऊ आहे." माचीवर पोहोचून तासाभरानं त्यांनी मीटर लावलं तर आकडा पावणेतीनशेच्या पुढे. ते चक्रावले. साखरेचा कण खाल्ला नव्हता, वर एवढी चढण चढून आले होते.

डाएट चिवड्यात तेल कमी असतं, पोहे तेवढेच असतात. पोह्यांत आणि मखान्यात शंभर ग्रॅमला साधारण पाऊणशे ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. मखाना हलका, त्यामुळे मूठभर खाल्ला तर काही बिघडत नाही. डबाभर खाल्ला की हिशेब बदलतो. कुरमुऱ्यांचं तेच. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट, पण उपासाला चालतो म्हणून तो सात्त्विक ठरतो आणि सात्त्विक म्हणून शुगरलाही चालतो असं लोक धरून चालतात. गुळाबद्दलचं प्रेम सगळ्यात चिवट. "साखर नाही हो, सेंद्रिय गूळ आहे," हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय. शुगर वाढवण्यात गूळ साखरेच्या फारसा मागे नाही.

मग खायचं काय? उत्तर आपल्याच किराण्याच्या यादीत आहे. भाजलेल्या शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं आणि वीसच्या आत कार्बोहायड्रेट. सुक्या खोबऱ्यात चोवीसेक ग्रॅम, पण त्यातला बराचसा भाग नुसता चोथा, म्हणजे शुगर न वाढवणारा. बदामाचं तसंच. जवसात जे कार्बोहायड्रेट आहे ते जवळपास सगळं चोथाच. तीळ, भोपळ्याच्या बिया, भाजलेलं सोयाबीन, अक्रोड ही सगळी याच पंगतीतली. काजू तेवढा जपून, त्यात तीसच्या आसपास जातं. फुटाणे हलके वाटतात, पण त्यांत शंभर ग्रॅमला साठेक ग्रॅम असतं. ते सावकाश चढतं, म्हणून फुटाण्यांचा वेगळा उपयोग आहे, तो पुढे सांगते.

मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून शेंगदाणे, तीळ, जवस आणून भाजायला बसलं की वाटतं, यात काय मोठं? पण घरात दोन दिवस बरणीत राहणारा पदार्थ आणि सॅकमध्ये आठ तास घुसळून निघणारा पदार्थ यांत फरक असतो. पावसाळी ट्रेकला सगळं सादळतं. मे महिन्यात बसच्या टपावर सॅक तापली की जवसाची भरड खवट होते. म्हणून जवस आधीपासून कुटून ठेवत नाही, निघायच्या आदल्या दिवशी कुटते. खोबरं पातळ कातलं तर चुरा होतो, जाड कापलं तर चावताना जबडा दुखतो. दाणे मंद आचेवर भाजून पूर्ण गार होऊ द्यायचे, वाफ जिरल्याशिवाय पिशवी बंद करायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी वातड दाणे चघळावे लागतात. मिरची-लसणाचं तिखट बेतानं लावायचं, कारण चढावर तिखट खाल्लं की पाणी जास्त संपतं. मिठाचंही तसंच, घाम येतो म्हणून थोडं हवं, पण रक्तदाबाची गोळी चालू असलेले बरेच असतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वडीनं. लोकांना हातात धरून चावता येईल असं काहीतरी हवं असतं. चिक्कीला गुळाचा पाक धरून ठेवतो; गूळ काढला की दाणे आणि तीळ एकमेकांना विचारत नाहीत. खजूर घालून बघा, मध घालून बघा असे सल्ले खूप मिळाले, पण त्यात साखर मागच्या दारानं आत येते. उपाय शेवटी जवसातच सापडला. जवसाची भरड पाण्यात कालवून अर्धा तास ठेवली की ती बुळबुळीत होते आणि तोच तिचा डिंक. त्यात अख्खं जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया, ओवा, मीठ, थोडं तिखट घालायचं. दोन बटर पेपरांच्या मध्ये गोळा ठेवून लाटायचा, सुरीनं खुणा करायच्या आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर सावकाश कडक होऊ द्यायचा. कडा तपकिरी व्हायच्या आत काढला नाही तर कडवटपणा येतो. मोडताना कट्कन आवाज आला की समजायचं, हा पावसातही टिकेल. या वडीला गूळ लागत नाही, पीठ लागत नाही. पोट भरतं, पण सोबत पाणी भरपूर प्यावं लागतं. एवढा चोथा कोरडाच खाल्ला तर दुसऱ्या दिवशी पोट तक्रार करतं.

ओल्या पदार्थांचं गणित निराळं. पनीर मसाला लावून परतून न्यायला छान, पण थंडीतच आणि सकाळच्या पहिल्या ब्रेकपर्यंतच. उकडलेली अंडी सालासकट न्यावीत, सोललेली नकोत. कोकणातल्या एका ताईंनी भाजलेला जवळा खोबऱ्यात कालवून आणला होता. चवीला अप्रतिम, कार्बोहायड्रेट अगदी कमी. पण बसच्या पुढच्या सीटवरून मागच्या सीटपर्यंत सगळ्यांना तो कळला आणि पुढच्या वेळी डबा गडावर पोहोचल्यावरच उघडायचा असा ठराव झाला. सिंहगडावरच्या माकडांना वासही लागत नाही, पिशवीचा चुरचुर आवाज पुरतो. म्हणून माझा खाऊ कापडी बटव्यात जातो.

हे सगळं मार्गी लागलं तेव्हा वाटत होतं, प्रश्न सुटला. त्याच सुमारास पाचनईहून हरिश्चंद्रगडाला गेलो होतो. ग्रुपमध्ये एक शिक्षिका होत्या, इन्शुलिन घेणाऱ्या, खाण्याच्या बाबतीत अतिशय काटेकोर. पायथ्याला सगळे पोह्यांवर तुटून पडले. त्यांनी स्वतःच्या डब्यातली दोन अंडी खाल्ली. दिवसभर बदाम, पनीर, काकडी. इन्शुलिन मात्र रोजच्या हिशेबानंच घेतलेलं. उतरताना त्या मागे पडू लागल्या. एरवी गप्पिष्ट बाई, पण लीडरनं "सावकाश या" म्हटलं तर त्याच्यावर खेकसल्या. मग एका दगडावर बसल्या आणि उठेनात. कपाळावर घाम, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. सोबतच्या एकीनं मायेनं त्यांच्या तोंडात बदाम भरायला सुरुवात केली.

लीडरनं ते थांबवलं. त्यानं फर्स्ट एडच्या पिशवीतून ग्लुकोजची पावडर काढली, पाण्यात कालवून त्यांना पाजली. मीटरवर ५४ आकडा होता. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा सत्तरच्या वर आला होता. मग त्यांना थोडे फुटाणे आणि अर्धं केळं दिलं. अर्ध्या तासात बाई उठून चालू लागल्या आणि खेकसल्याबद्दल त्याची माफीही मागितली.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. भूक लागणं आणि शुगर लो होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची औषधंही उलटी आहेत. भुकेला दाणे, बदाम, खोबरं उत्तम, कारण ते सावकाश पचतं. लो झाल्यावर नेमका तोच त्यांचा दोष ठरतो. स्निग्ध पदार्थ पचायला वेळ घेतात आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नसतो. चॉकलेट आणि लाडूसुद्धा अशा वेळी कुचकामी, त्यातलं तूप-लोणी साखरेची वाट अडवतं. सत्तरच्या खाली आकडा गेला की साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, गरज पडली तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तेव्हा खाली न्यायची आणि दवाखान्याची घाई करायची.

त्या ट्रेकनंतर माझ्या बटव्याला बाहेरून एक वेगळा कप्पा आला. त्यात ग्लुकोजच्या दोन पुड्या. गिऱ्हाईक कुरकुरतं, "अहो, मी साखर सोडलीय आणि तुम्ही हेच देताय?" मी सांगते, ही खायची नाही, बाळगायची आहे. साखरेऐवजी ग्लुकोजच का, तेही एका डॉक्टर ट्रेकरनं समजावलं. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या गोळीत व्होग्लिबोज असतं. हे औषध साध्या साखरेचं विघटन लांबवतं, त्यामुळे अशा माणसाला लो झाल्यावर साखर खाऊन लवकर उतार पडत नाही. निव्वळ ग्लुकोज थेट शोषलं जातं.

गोळ्यांची नावं विचारायची सवय तिथूनच लागली. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची शुगर सहसा लो होत नाही. त्याला माझा बटवा बिनघोर देता येतो. ग्लिमेपिराईड किंवा इन्शुलिनवाल्याला मी आधी डॉक्टरांना विचारून या म्हणते, कारण लांबच्या ट्रेकच्या दिवशी त्याचा डोस कमी करावा लागू शकतो आणि तासा-दोन तासांनी फुटाण्यांसारखं काहीतरी खावंही लागतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी चालू असेल तर अगदीच कमी कार्बोहायड्रेट खाऊन, कमी पाणी पिऊन दिवसभर चढू नये. अशात शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, मळमळ-उलटी सुरू होते आणि ती उन्हाची समजून दुर्लक्ष होतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना दाणे-पनीर किती, हेही डॉक्टरच सांगणार. सरसकट सगळ्यांना चालेल असा बटवा मला अजून जमलेला नाही आणि जमेलसं वाटत नाही. म्हणून पाकिटावर ‘मधुमेहींसाठी’ असं छापायचा सल्ला मिळाला तेव्हा मी तो घेतला नाही. विक्री वाढली असती, हे खरं.

पाकिटावर काय छापायचं ते मात्र एका कॉलेजच्या मुलीनं शिकवलं. तिला लहानपणापासून टाईप वन. प्रत्येक घासाचा हिशेब करून इन्शुलिन घेणारी पोरगी. तिनं माझी पुडी उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "काकू, छान आहे, पण यात कार्ब किती ते कुठंय?" मी शंभर ग्रॅमचा आकडा सांगितला. ती हसली. "शंभर ग्रॅम कोण खातं? एका पुडीत किती ते लिहा ना." तेव्हापासून माझ्याकडे मोठं पाकीट नाही. तीस-तीस ग्रॅमच्या पुड्या आणि प्रत्येकीवर स्केचपेननं लिहिलेला त्या पुडीचा आकडा. दाण्यांच्या पुडीवर ६, फुटाण्यांच्या पुडीवर १८. ज्याला इन्शुलिन घ्यायचं नाही त्यालाही याचा उपयोग होतो, कारण मोठी पिशवी मांडीवर घेऊन गप्पा मारत बसलं की माणूस किती खातो याला धरबंध नसतो. तीस ग्रॅम दाण्यांतसुद्धा पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी असतात.

मीटर लावायच्या आधी हात धुवायला हवेत हेही तिनंच दाखवलं. एका गृहस्थांचा आकडा एकदम तीनशेपार गेला, सगळे घाबरले. तिनं विचारलं, "काका, आत्ता काय सोललंत?" संत्रं. हात धुऊन दुसऱ्या बोटाला टोचलं तर आकडा १६०. फळाचा रस बोटाला लागला की तो थेंबात मिसळतो आणि मीटर बिचारं खरं तेच सांगतं. डोंगरात पाणी जपून वापरायचं असतं, पण एवढ्या घोटभर पाण्याची कंजुषी करू नये.

वारीत चालतानाही हे सगळं कामी आलं. पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा, मध्ये दिवे घाट आणि दुतर्फा वाटप. केळी, राजगिऱ्याचे लाडू, शिरा, बिस्किटं, खिचडी, चहा. देणाऱ्याचा भाव इतका मोठा की नाही म्हणायला जीव होत नाही. आमच्या दिंडीतले एक वयस्कर वारकरी, बरीच वर्षं शुगर असलेले, मिळेल ते दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि पिशवीत टाकायचे. जेवायला बसले की फडक्यातली अर्धी भाकरी, खरडा आणि दाण्या-तिळाचा जाडसर कूट. पिशवीतला प्रसाद संध्याकाळी मुक्कामाच्या गावात पोरांना. मी विचारलं तर म्हणाले, "प्रसाद नाकारायचा नसतो माऊली. पण सगळा आपणच खायचा असंही कुणी सांगितलेलं नाही." पिशवीत एक लाडू मात्र ते राखून ठेवत. त्यांना मी ग्लुकोजची पुडी दिली; ती त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात, ओळखपत्राच्या शेजारी ठेवली. आता दिंडीतल्या बऱ्याच जणांकडे ती असते.

गडावर गेल्यावर फक्त आपला डबा खाऊन यावं असंही मला वाटत नाही. तिथल्या घरांची चूल आपल्यासारख्यांवर चालते. पिठलं-भाकरी मागवावी, भाकरी अर्धी घ्यावी, पिठलं आणि ठेचा मनसोक्त. सोबत वांग्याचं भरीत मिळालं तर उत्तमच. मडक्यातलं दही साखर न घालता, ताक मीठ-जिरं घालून. सरबतवाल्या मावशींना "साखर नको, नुसतं मीठ" म्हणून सांगितलं की त्या न कुरकुरता करून देतात. त्यांच्या घरातही हल्ली कुणाला ना कुणाला शुगर असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. बसभर ट्रेकर्स घेऊन निघालेल्या लीडरनं दोन-चार मधुमेही असणारच असं धरूनच तयारी केलेली बरी.

रात्रीचं जेवण मात्र टाळू नका. दिवसभर चढ-उतार केल्यावर स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात. दमून घरी आलेला माणूस नुसतं दूध पिऊन झोपतो आणि पहाटे घामानं भिजून उठतो. अशा रात्री झोपण्याआधी एकदा मीटर लावावं.

एवढ्या वर्षांत या खाऊनं मला फार पैसे मिळवून दिले नाहीत. बदामाचे भाव आणि तीस ग्रॅमच्या पुड्या बांधायची मजुरी यात नफा उरत नाही. दिवाळीच्या चकल्या त्याहून बऱ्या. पण लोकांनी एक गोष्ट मनावर घेतली तर मला पुरे आहे. ट्रेकला निघताना लीडरला आपल्या शुगरबद्दल आणि गोळ्यांबद्दल सांगा. लाजेनं लपवणारेच सगळ्यात जास्त अडचणीत आलेले मी पाहिलेत. खाऊ माझ्याकडून घ्यायची गरज नाही, घरी दाणे भाजता येतात. ग्लुकोजची पुडी मात्र सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवा आणि ती कुठल्या खिशात आहे हे शेजारी चालणाऱ्यालाही सांगून ठेवा, कारण लो झाल्यावर ती काढायची शुद्ध तुम्हाला असेलच असं नाही.